तुटक रेषेतलं बोट

प्रभात रोडच्या सातव्या गल्लीत
पेटंटवाल्या वकिलांकडे मी चित्रं काढते.
लोक पिशवीतून आपापला शोध बाहेर काढतात,
तान्ह्याला दुपट्यातून काढावं तसा,
आणि आधी दार लागलंय का ते बघतात.

मी वस्तू सुटी करते, भागांना आकडे देते:
दहा म्हणजे चौकट,
बारा म्हणजे लाट,
चौदा म्हणजे खिट्टी.
मधले आकडे मोकळे सोडायचे,
पुढे काही सुचलं तर जागा असावी म्हणून.
सायबांचा हा एकच नियम मला आवडतो.

दस्तगीर आतार रामटेकडीवरून आले
लुनाला मागे अर्धा चरक बांधून.
रसवंतीच्या चरकाला लावायची झडप होती:
ऊस आला तर वाट देते,
बोट आलं तर लाटा जागच्या जागी थांबतात
आणि घुंगरं गप्प होतात.
धाकट्या भावाची दोन बोटं,
करंगळी आणि अनामिका,
मांजरीच्या जत्रेत गेली होती.
"लोखंडाला मऊ कळत नाही," म्हणाले,
"शिकवायला अकरा महिने लागले."
चाचणीला वेलची केळी घालायचे.
घरचे शिकरण खाऊन खाऊन विटले होते.

मी झडप काढली, स्प्रिंग काढली,
लाटांच्या तोंडाशी एक बोट काढलं, तुटक रेषेत.
"हे असं तोडून का?"
म्हटलं, जे शोधाचा भाग नाही
ते तुटक दाखवायची रीत आहे.
ते बराच वेळ बघत राहिले.
"त्याच्यासाठीच तर केलंय," एवढंच म्हणाले.

सायबांनी दावा लिहिला.
दीड पान, एकच वाक्य,
पूर्णविराम शेवटी, उपकार केल्यासारखा.
दस्तगीरभाईंनी दोनदा वाचला
आणि मला हळूच विचारलं,
"माझीच झडप आहे ना ही?"

चार वर्षांनी शिक्का आला. पेढे आले.
मग दरवर्षी फी.
एका वर्षी लेकीचं बाळंतपण अडलं,
ससूनला सतरा दिवस.
आम्ही दोन पत्रं धाडली.
दंडासह भरायची मुदतही उलटली.
हक्क गेला तेव्हा कसलाच आवाज झाला नाही,
घुंगरंसुद्धा वाजली नाहीत.

आता मंडईपासून स्वारगेटपर्यंत
बहुतेक चरकांवर ती झडप दिसते.
पिवळं प्लास्टिक,
वर कुठल्याशा कंपनीचं नाव उठवलेलं.
बोटं वाचली असतील.
किती, ते कोण सांगणार?
न तुटलेली बोटं मोजायची पद्धत नाही.
हक्क टिकला असता तर झडप महाग झाली असती,
चार गाड्यांवरच दिसली असती,
हे खरं आहे.
दस्तगीरभाई बासष्टाव्या वर्षी
दुसऱ्याच्या शेडमध्ये वेल्डिंगला जातात,
हेही खरं आहे.
दोन्ही एका कागदावर बसवून बघते.
कोन जुळत नाही.

मागच्या मंगळवारी ते आले,
हातात अप्पा बळवंत चौकातली झेरॉक्स.
नातवानं मोबाइलवर शोधून दिलं होतं,
तीन रुपयांत त्यांना त्यांचंच चित्र मिळालं.
वरच्या कोपऱ्यात त्यांचं नाव,
खाली सायबांची सही.
माझं कुठेच काही नाही,
ते मी त्यांना सांगितलं नाही.
कदाचित त्यांना दिसलं असेल.
"ताई, एवढं बोट पुरं करून द्या."

सायेब कोर्टात गेले होते.
मी पेन घेतलं, फट फट जोडत गेले,
नख काढलं, पेरावरच्या सुरकुत्या काढल्या,
भावाच्या नखाला भेग होती म्हणाले, तीही काढली.

आकडा तेवढा राहिला होता.
बारा आणि चौदाच्या मधला
तेरा मोकळाच होता.